महिंद्रा युनायटेड: चषक जिंकणारा क्लब बंद का झाला

२००९-१० च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, १४ संघ होते. त्यांतले ४ महाराष्ट्राचे होते: मुंबईचे महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी, शिवाय पुण्याचा पुणे एफसी. गोव्याचेही नेमके ४ होते आणि कोलकात्याचे ३. आठ वर्षांनी, २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये, महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. ही गळती महिंद्रापासून सुरू झाली. २०१० मध्ये कंपनीने वरिष्ठ संघ बंद करून शालेय आणि युवा फुटबॉलकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनी डबघाईला आलेली नव्हती आणि संघही ढेपाळलेला नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, त्याने ड्युरँड चषक आणि कोलकात्याची आयएफए शील्ड या दोन्ही मानाच्या स्पर्धा जिंकल्या होत्या. असा संघ बंद कसा होतो, हे समजायचे तर मुंबईचे फुटबॉल कोणाच्या पैशावर चालत होते, तिथपासून सुरुवात करावी लागते.

हा संघ १९६२ मध्ये उभा राहिला तो महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीचा संघ म्हणून. कंपनी जीप बनवायची, म्हणून खेळाडूंना ‘जीपमेन’ हे नाव पडले आणि ते शेवटपर्यंत चिकटून राहिले. त्या काळी मुंबईत हीच रीत होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम आणि मध्य रेल्वे, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, आरसीएफ, एअर इंडिया अशा सगळ्यांचे संघ हार्वुड लीगमध्ये आणि नाडकर्णी चषकात एकमेकांना भिडत. खेळाडू कंपनीच्या पटावर असे. त्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा सगळे इतर कर्मचाऱ्यांसारखे मिळे. सरावासाठी कामातून सवलत असे आणि खेळ थांबला की नोकरी चालू राही. मुंबई-ठाण्यातल्या, वसई-विरारकडच्या मुलांना फुटबॉल खेळून घर चालवता येई ते या रचनेमुळेच. आज तिला मागासलेली म्हणून हिणवले जाते, पण खेळाडूच्या चाळिशीनंतरच्या आयुष्याची सोय तिने जितकी केली, तितकी पुढच्या व्यावसायिक क्लबांना जमली नाही.

या रचनेतला कच्चा दुवा मात्र सुरुवातीपासून होता. संघाचा खर्च कल्याण विभागाच्या किंवा प्रसिद्धीच्या खात्यातून निघे. तिकीटविक्री, सभासद वर्गणी, स्वतःचे मैदान यांतले काहीही संघाच्या नावावर नसे. सामने कूपरेजवर होत आणि ते मैदान सगळ्यांचे मिळून. प्रेक्षक यायचे ते रोव्हर्स चषकाला. १८९१ साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी कोलकात्याचे, गोव्याचे, हैदराबादचे नामांकित संघ मुंबईत उतरत. स्थानिक कंपनीच्या संघाला गर्दी मिळायची ती या पाहुण्यांमुळे. २०००-०१ नंतर रोव्हर्स चषक झालाच नाही आणि शहराला फुटबॉलची सवय लावणारी सर्वांत मोठी गोष्ट गेली.

नेमक्या त्याच सुमारास महिंद्राने उलट दिशेने पाऊल टाकले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती, १९९८ मध्ये संघाने ड्युरँड चषक जिंकला होता, आणि २००० मध्ये कंपनीने संघाचे नाव बदलून ‘महिंद्रा युनायटेड’ केले. नावाबरोबर भरतीही बदलली. पटावरच्या कर्मचारी-खेळाडूंऐवजी करारावरचे खेळाडू, परदेशी आघाडीवीर आणि पूर्णवेळ प्रशिक्षक आले. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड मिळाला. २००३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड बूथ यांच्या हाताखाली संघाने फेडरेशन चषक जिंकला. १९७७ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुंबईच्या संघाने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

शिखर गाठले ते २००५-०६ मध्ये. प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या त्या संघात पुढे ब्राझीलचा जोसे रामिरेझ बार्रेटो आणि घानाचा युसिफ याकुबू होता, बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस होता. २००५ चा फेडरेशन चषक आणि पाठोपाठ राष्ट्रीय लीग, दोन्ही मुंबईला आले. तोवर लीगचे विजेतेपद पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याबाहेर गेलेच नव्हते. त्याच वर्षी आयएफए शील्डही जिंकून संघाने कोलकात्याच्या घरचा मान मिळवला. पुढे २००७ च्या एएफसी चषकात, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेत, तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि लेबनॉनच्या अल नेजमेहकडून हरला. भारतीय क्लबासाठी त्या काळात ही मोठी मजल होती, आणि तिची दखल मुंबईत फारच थोड्यांनी घेतली. हे अजूनही सलते.

आता खर्चाकडे पाहू. २००७ मध्ये राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली आणि संघांची संख्या वाढत गेली. १४ संघ म्हणजे प्रत्येकाचे २६ सामने, १३ घरचे आणि १३ परके. महिंद्राच्या १३ परक्या सामन्यांपैकी २ मुंबईतल्याच संघांशी आणि १ पुण्यात, म्हणजे बसने जाऊन येण्याजोगा. उरलेले १० लांबचे: गोव्याचे ४, कोलकात्याचे ३, आणि लुधियाना, केरळ, ईशान्य भारत असे प्रत्येकी १. खेळाडू, प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, फिजिओ, व्यवस्थापक आणि किट सांभाळणारा धरून २५ जण प्रवासाला निघाले, तर १० दौऱ्यांची २५० जाण्या-येण्याची तिकिटे होतात. एका दौऱ्यात दोन रात्री आणि खोलीत दोघे धरले, तर दर दौऱ्याला १३ खोल्यांचे दोन रात्रींचे भाडे. गोव्याचे किंवा कोलकात्याचे दोन सामने लागून आले तर एक दौरा वाचतो, पण ते वेळापत्रक करणाऱ्याच्या हाती असते. सामना पुढे ढकलला की तिकिटे वाया जातात, ती वेगळीच. शिवाय ड्युरँड, फेडरेशन चषक, शील्ड यांचे दौरे या हिशेबात धरलेलेच नाहीत. आणि या सगळ्याच्या वरचढ रक्कम पगारांची, त्यातही परदेशी खेळाडूंच्या.

जमेच्या बाजूला काय होते? कूपरेजच्या तिकिटांतून मैदानाचा आणि बंदोबस्ताचा खर्च निघणेही कठीण. बक्षिसाची रक्कम हंगामाच्या खर्चाच्या जवळपासही नव्हती. प्रक्षेपणाच्या हक्कांतून क्लबांना नियमित वाटा मिळत नव्हता. झी स्पोर्ट्सने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी २००६ मध्ये केलेला १० वर्षांचा करार २०१० मध्येच मोडला. आयएमजी-रिलायन्सचा १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला, तेव्हा महिंद्राचा संघ उरलेलाच नव्हता. तोही पैसा महासंघाकडे जाणारा होता, क्लबांकडे नव्हे. म्हणजे कंपनीला मिळत होती फक्त प्रसिद्धी, आणि दूरचित्रवाणीवर सामने धड दिसत नसतील तर तीही नाही. याच कारणाचा उच्चार करून १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या फगवाड्याच्या जेसीटीनेही २०११ मध्ये संघ बंद केला. दोन माजी विजेते एका वर्षाच्या अंतराने गेले, तरी लीगच्या आर्थिक घडीत काही बदलले नाही. त्यामुळे दोष एकट्या कंपनीच्या माथी मारणे योग्य नाही.

संघ बंद होतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. पटावरच्या खेळाडूची नोकरी टिकते, तो दुसऱ्या विभागात रुजू होतो. करारावरच्याला उरलेल्या कराराची तडजोड करावी लागते आणि क्लबाकडून नाहरकत दाखला घ्यावा लागतो. तो हाती येईपर्यंत नवा क्लब त्याची नोंदणी करू शकत नाही. परदेशी खेळाडूसाठी आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागते आणि ते एका महासंघाकडून दुसऱ्याकडे जाते. बंदची घोषणा हंगाम संपता संपता झाली तर नामवंत खेळाडूंना दुसरीकडे जागा मिळते. घोषणा उशिरा झाली तर इतर क्लबांचे संघ भरून गेलेले असतात आणि फटका बसतो तो राखीव खेळाडूंना आणि १९-२० वर्षांच्या मुलांना. क्लबाने घडवलेल्या मुलाचे प्रशिक्षण-शुल्कही (म्हणजे घडवणाऱ्या क्लबाला नव्या क्लबाकडून मिळणारी भरपाई), क्लब अस्तित्वात नसल्यास, फिफाच्या नियमानुसार राष्ट्रीय महासंघाकडे जाते. ते युवा विकासासाठीच वापरायचे असते, पण ज्या शहराने खेळाडू घडवला तिथेच ते यावे अशी सक्ती नाही.

महिंद्रानंतर एअर इंडियाची पाळी आली. आशियाई फुटबॉल महासंघाची क्लब परवाना पद्धत पाच कसोट्या लावते: क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. त्यांत वयोगटांचे संघ, पात्र प्रशिक्षक, क्लबाची स्वतंत्र कायदेशीर ओळख, लेखापरीक्षित हिशेब आणि थकबाकी नसल्याची खात्री मागितली जाते. सरकारी कंपनीच्या एका विभागाला स्वतंत्र ताळेबंद कुठून असणार? २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोघांना याच निकषांवर आय-लीगबाहेर जावे लागले. नियम चुकीचा नव्हता, पण संस्थात्मक संघांना क्लबात रूपांतर करण्यासाठी हवा तो वेळ आणि मार्गदर्शन कोणी दिले नाही.

पुण्यात वाट वेगळी होती. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला तो क्लब म्हणूनच. त्याची अकादमी होती, बालेवाडीला घरचे सामने होते, आणि डेरिक परेरा महिंद्राहून तिथेच गेले. २००९-१० मध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला. तरीही २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही नवी, फ्रँचायझी संघांची लीग आल्यावर मालकांनी हात आवरता घेतला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजीयन्सने आय-लीगचे दोन. सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीने पुणे एफसीची अकादमी घेतली, २०१७-१८ मध्ये सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली आणि मालक समूह आर्थिक अडचणीत आल्यावर २०१९ मध्ये तोही संपला. त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली आणि त्या संघाने २०२१-२२ मध्ये सुपर लीग जिंकली.

मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला राहून आय-लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला आणि पुढे बंद झाला. त्याच हंगामात लीग जिंकली मिझोरामच्या आयझॉल क्लबाने. प्रशिक्षक होते खालिद जमील, महिंद्राचे माजी खेळाडू आणि त्याआधी सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक. महिंद्राच्या २००५-०६ च्या विजेतेपदानंतर महाराष्ट्राला देशातली सर्वोच्च लीग जिंकायला २०२०-२१ पर्यंत थांबावे लागले. तोवर सर्वोच्च लीगचा मान सुपर लीगकडे गेला होता, आणि ती जिंकली मुंबई सिटी एफसीने.