रिपोर्टखाली सही कोणाची? आरोग्यसेवेतल्या एआयवरच्या विश्वासाची पार्श्वभूमी

संगणकाचं निदान डॉक्टरांच्या तोडीचं असू शकतं, ही बातमी पन्नास वर्षं जुनी आहे. इंग्लंडमधल्या लीड्सला डॉ. डी डोंबल आणि सहकाऱ्यांनी पोटात अचानक कळा येऊन दाखल झालेल्या ३०४ रुग्णांची लक्षणं संगणकाला दिली. १९७२ साली छापलेला निकाल असा: संगणक ९१.८ टक्के वेळा बरोबर, वरिष्ठ डॉक्टर ७९.६ टक्के. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातला मायसिन हा प्रोग्रॅम कोणत्या जंतुसंसर्गाला कोणतं अँटिबायोटिक द्यावं ते सुचवायचा. १९७९ साली मेंदूज्वराच्या रुग्णांसाठी त्याने आणि स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सुचवलेले उपचार बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले, कोणता सल्ला कोणाचा हे न सांगता. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांपैकी एकालाही मायसिनपेक्षा जास्त गुण पडले नाहीत. ‘हे का विचारतोस?’ असं टाइप केलं तर तो कारणही द्यायचा, आणि ही सोय आजच्या बऱ्याच प्रणालींत नाही.

तरी मायसिन रुग्णांच्या रोजच्या उपचारात कधी आलाच नाही. एकेक माहिती टाइप करत बसायला वॉर्डात वेळ कोणाला होता? आणि सल्ला चुकला तर निस्तरायचं कोणी, याचं उत्तरही कोणाकडे नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा हा दुसरा प्रश्नच आहे. अचूकतेचे आकडे दर दशकात सुधारत गेले, पण लोकांचा भरवसा बसला किंवा उडाला तो भलत्याच कारणांनी.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाचं प्रकरण घ्या. २०१५ साली या रुग्णालयाने सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी गुगलच्या डीपमाइंड कंपनीला दिल्या. मूत्रपिंडाला अचानक इजा होत असेल तर डॉक्टरांच्या फोनवर इशारा देणारं ॲप तपासायचं होतं. हेतू चांगला, पण रुग्णांना पत्ता नाही. २०१६ साली करार उजेडात आला आणि २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी रुग्णालयाने कायदा पाळला नसल्याचा निष्कर्ष काढला. गंमत म्हणजे त्या ॲपमध्ये एआय नव्हतंच, सरकारी आरोग्यसेवेने ठरवून दिलेलं साधं सूत्र होतं. बदनाम मात्र एआय झालं.

खरी कसोटी लागली ती मधुमेहींच्या डोळ्यांवर. वाढलेल्या शुगरने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि बरंच नुकसान होईपर्यंत माणसाला कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढून तपासावा लागतो, पण फोटो वाचणारे डॉक्टर कमी. गुगलच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून जास्त फोटो देऊन एका एआय प्रणालीला ते वाचायला शिकवलं आणि २०१६ साली निकाल छापले. त्या फोटोंत मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि बेंगळुरूचं नारायण नेत्रालय इथलेही फोटो होते.

मग ही प्रणाली थायलंडमधल्या ११ सरकारी दवाखान्यांत गेली. तिथे काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. आधी नर्स फोटो काढून तज्ज्ञाकडे पाठवायची आणि उत्तर यायला काही आठवडे लागायचे. आता ते काही मिनिटांत येणार होतं. पण पडद्याचा फोटो नीट यायला खोली अंधारी लागते आणि बहुतेक दवाखान्यांत तशी खोलीच नव्हती. प्रणालीला १,८३८ फोटो दिले, त्यांतले २१ टक्के तिने धूसर म्हणून परत केले. फोटो नाकारला की, नियमाप्रमाणे, रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायचं. नर्सच्या नजरेला डोळा ठीक दिसत असला तरी! म्हणजे त्या माणसाचा कामाचा दिवस बुडाला आणि वर प्रवास. एका दवाखान्यात दोन तास इंटरनेट गेलं, तेव्हा २०० ऐवजी १०० जणांचीच तपासणी झाली. पुढे काही नर्स रुग्णांना यात भाग घेऊ नका असंच सुचवू लागल्या. २०२० मध्ये हे सगळं गुगलच्याच संशोधकांनी छापलं. कंपन्या सहसा असलं झाकून ठेवतात, म्हणून याचं मोल मला जास्त वाटतं.

दुसरी वाट मायकेल अब्रामॉफ या नेत्रतज्ज्ञाने धरली. सहकारी त्यांना चिडवायचे ‘रेटिनेटर’ म्हणून; रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदा, त्याला सिनेमातल्या ‘टर्मिनेटर’ची जोड. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या आयडीएक्स-डीआर या प्रणालीला अमेरिकी औषध प्रशासनाने, डॉक्टरने फोटो न बघताच निकाल देण्याची परवानगी दिली. त्याआधी १० साध्या दवाखान्यांत ९०० मधुमेहींवर चाचणी झाली होती. त्यांच्या कंपनीने स्वतःवर आणखी एक गोष्ट घेतली: यंत्राचं निदान चुकलं तर दायित्व आपलं, आणि त्यासाठीचा विमाही आपणच काढायचा. मायसिनच्या वेळी जे कोणी बोललं नव्हतं ते इथे कागदावर आलं.

आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींवर स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याचा अभ्यास झाला. त्यातलं एआय फोनवरच चालत होतं, इंटरनेटशिवाय. थायलंडमध्ये आलेली एक अडचण त्यामुळे मुळातच टळते.

नियमांचं बोलायचं तर २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आलं. २०२३ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी दहा नैतिक तत्त्वं मांडली. उत्तरदायित्व हे त्यांतलंच एक, पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कायदा नव्हे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे रुग्ण डॉक्टरला ग्राहक न्यायालयात खेचू शकतो. यंत्राचं ऐकून डॉक्टर चुकला, किंवा यंत्र बरोबर असताना त्याने ऐकलं नाही, तर काय, यावर खास कायदा आपल्याकडे अजून नाही.