पुंगळी पाठवताय? मग आधी चमकवू नका (जुन्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी)

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पोचा निघेल का?" आणि त्याच्या खालोखाल "एका पुंगळीला एवढे दिवस कशाला लागतात?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असं आहे. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा वेळ तुम्ही घरी जे करून पाठवता ते निस्तरण्यात जातो, म्हणून हा कागद.

आधी एक गोष्ट स्पष्ट. आम्ही फक्त रिकाम्या, उडवलेल्या पुंगळ्या घेतो. गोळी जागेवर असलेलं काडतूस घेत नाही, आणि बुडाच्या प्रायमरवर (ठिणगी देणाऱ्या टोपीवर) बंदुकीच्या पिनचा ठोका दिसत नसेल तर ती पुंगळी वरून रिकामी असली तरी घेत नाही. असं काही हाती लागलं तर ते साफ करू नका, तापवू नका, कुरिअरला तर अजिबात देऊ नका, पोलिसांना कळवा. आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेली पुंगळी कपाटात मांडायची असते, पुन्हा भरायची नाही. डाख लावलेलं पितळ दाब सहन करत नाही. यावर वाद घालू नये ही विनंती.

आता मुद्द्याचं. लोक पुंगळी पाठवण्याआधी ब्रास पॉलिशने घासतात. हेतू चांगला असतो, घाण वस्तू दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची म्हणून. पण बाजारातल्या बऱ्याच पितळ पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, ज्याचं अमोनियाशी अजिबात जमत नाही. नुसतं पितळ असेल तर एक वेळ निभावतं. पण पुंगळी ही चकतीतून ओढून ओढून बनवलेली असते, तिच्या अंगात बनवतानाचाच ताण उरलेला असतो आणि जिथे पोचा पडलाय तिथे तर अजून जास्त. ताण, ओल आणि अमोनिया हे तिन्ही एकत्र आले की पितळ आतून कणाकणांच्या सीमेवर फाटत जातं. आणि हे घासलं त्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी तोंडापासून खाली सरळ उभी चीर येते. तोवर पुंगळी आमच्याकडे पोचलेली असते आणि तुम्हाला वाटतं की आम्ही पोचा काढताना फोडली.

हा काही आमचा बहाणा नाही. हा प्रकार पहिल्यांदा नीट लक्षात आला तो इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात. पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या दारूगोळ्याच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या, म्हणून इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळातला उरलेला ताण हे कारण 1921 साली नीट मांडलं गेलं. तेव्हा तबेला होता, आता बाटली आहे, एवढाच फरक.

त्यामुळे पॉलिश केलेली पुंगळी आली की आम्ही पोच्याला हातच लावत नाही. आधी ओल्या कापसाने आतून पुसतो, कापूस निळसर निघाला की समजायचं. मग डिस्टिल्ड पाण्याने धुणं, बुडावरच्या शिक्क्याच्या अक्षरांत अडकलेली पॉलिशची पांढरी पावडर लाकडी काडीने काढणं, आणि मग 250 ते 300 डिग्रीला काही वेळ भट्टीत ठेवणं, ज्याने ताण उतरतो पण पितळ मऊ पडत नाही. त्यानंतर काही दिवस नुसती ठेवून बघतो की चीर येते का. हे सगळं व्हायच्या आधी पोचा काढला तर चीर हमखास. वाट पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही, पण दिवस तर जातातच ना.

लिंबू-मीठ आणि व्हिनेगरवाल्यांनाही तेच सांगणं. आम्लात जास्त वेळ पडलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याचा गुलाबी थर उरतो. तो गुलाबीपणा पुसून जात नाही, घासावा लागतो, आणि घासलं की बुडावरचा शिक्का पातळ होतो. स्नायडर किंवा मार्टिनी-हेन्री या जुन्या इंग्रजी रायफलींच्या सुरुवातीच्या, पातळ पत्रा गुंडाळून केलेल्या पुंगळ्यांचं तर बूडच लोखंडी असतं, चुंबक लावून बघा, चिकटेल. ती आम्लात बुडवलीत तर बूड खाल्लं जातं आणि पत्रा सुटतो, मग आमच्याकडे जुळवायला काही राहत नाही.

शिक्क्याबद्दल आम्ही एवढे हट्टी का, असंही विचारतात. अहो वस्तूची किंमत तिथेच असते. केएफ म्हणजे खडकीची फॅक्टरी, आरएल म्हणजे इंग्लंडमधल्या वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, शेजारी मार्क म्हणजे नमुन्याचा क्रमांक आणि काहींवर साल. बफिंगच्या चाकावर अर्धा मिनिट धरलं तरी अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि एकदा गेलेली अक्षरं कोणी परत आणू शकत नाही. तपकिरी रंग ही घाण नाही, ते जुनेपण आहे. हिरवा कळंक मात्र वेगळा, तो आम्ही काढतोच, कारण तो खात जातो. जुन्या प्रायमरचं मीठ आत राहिलेलं असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि कळंक आतूनच सुरू होतो, म्हणून बाहेरून स्वच्छ दिसणारी पुंगळीसुद्धा आम्ही आतून धुतो.

पोच्याचं थोडक्यात. बाहेरून ठोकून पोचा निघत नाही, तो आत जातो किंवा शेजारी दुसरा उठतो. आतून मापाचा स्टीलचा दांडा घालून हळूहळू दाबून बाहेर काढावा लागतो. तोंडाचा पोचा सोपा. सरळ पुंगळीचा अंगातला पोचाही होतो. पण बाटलीसारखी मान असलेल्या पुंगळीत मानेतून जाणारा दांडा अंगापर्यंत पोचून उपयोग नाही, तो बारीकच पडतो, मग वाकडी हत्यारं वापरावी लागतात आणि तिथे खर्च वाढतो. असा पोचा मागच्या बाजूला असेल तर आम्ही स्वतःच सांगतो की राहू द्या, भिंतीकडे तोंड करून ठेवा. काही पुंगळ्यांत प्रायमरमधला पारा पितळात जिरलेला असतो, त्या इतक्या ठिसूळ असतात की दाबलं की बिस्किटासारख्या तुटतात. त्या आम्ही फक्त साफ करून परत देतो. गॅसवर लाल करून मऊ करायचा प्रयोग करू नका, लाल झालेलं पितळ कायमचं लुळं पडतं.

चीर आधीच असेल तर आतून मऊ डाख देतो, साधारण 190 डिग्रीच्या आत काम होतं म्हणून वरचा रंग टिकतो. वरून चीर बारीक रेघेसारखी दिसेल. ती पूर्ण लपवून हवी असेल तर रेझिन भरून रंग जुळवून देतो, त्याचे वेगळे पैसे, आणि पुढे विकताना समोरच्याला सांगा, कारण सोबतच्या आमच्या कागदावर ते लिहिलेलं असतंच.

सगळं झालं की गंज थांबवणारं बीटीए हे रसायन आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात, म्हणून आमची पुंगळी आरशासारखी चकचकीत येत नाही. चकचकीत हवी असेल तर काम घेण्याआधी सांगा, आम्ही नाही म्हणू, पण वाईट वाटून घेणार नाही. मेणाची छोटी डबी सोबत येते, वर्षातून एकदा मऊ कपड्याने लावलं की पुरतं. मोठा संग्रह असेल तर एकत्र पाठवा, भट्टी एकदाच लावावी लागते म्हणून दर कमी बसतो.

पाठवताना प्रत्येक पुंगळी वेगळ्या साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा उमटतो. चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेली असेल तर आधी बाहेर काढा, तो हिरवा कळंक बऱ्याचदा चामड्यामुळेच आलेला असतो. बुडाचा एक आणि तोंडाचा एक असे दोन फोटो आधी पाठवा, आणि घरी काही लावलं असेल, कुठलंही, तर चिठ्ठीवर लिहा. आम्ही रागावत नाही, फक्त कुठून सुरुवात करायची ते कळतं.