मेलमध्ये मराठी नाव बिघडलं तर

(आमच्या यंत्रणेतून सभासदांना मेल पाठवणाऱ्या ठाणे व नवी मुंबईतल्या सोसायट्या, पतपेढ्या आणि क्लासेससाठी)

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. आपण तीन अक्षरं वाचतो. संगणक मात्र क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड आणि मात्रा अशी आठ चिन्हं मोजतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट (साठवणीची लहान एककं) लागतात, म्हणजे हे नाव २४ बाइटचं. हा हिशेब उगाच सांगत नाही. बिघाड कुठे झाला ते त्यावरूनच कळतं.

नावाच्या जागी आठ प्रश्नचिन्हं दिसली, तर नाव गेलं म्हणून समजा. वाटेत कुठेतरी फक्त रोमन अक्षरं ओळखणारा टप्पा लागला आणि न मावलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी त्याने प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. ते आम्हालाही परत आणता येत नाही, यादी पुन्हा मागवावी लागते. बरेचदा हा टप्पा तुमच्याकडचा एक्सेल असतो. फाइल साध्या ‘सीएसव्ही’मध्ये (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या मजकूर-फाइलमध्ये) सेव्ह करू नका, सेव्ह करतानाच्या पर्यायांतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. किंवा सरळ एक्सेलची मूळ फाइलच पाठवा, आम्हाला तेच बरं पडतं.

प्रश्नचिन्हांऐवजी लांबलचक गिचमीड दिसली, तिच्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असला, तर घाबरू नका. बाइट बहुधा सगळे जागेवर असतात, वाचणाऱ्या प्रोग्रामने ते चुकीच्या लिपी-संकेताने वाचलेले असतात. अशी नावं आम्ही बहुतेक वेळा एकगठ्ठा सरळ करतो. फक्त त्यांना हात लावू नका! एका सोसायटीत कुणीतरी कामसूपणाने निम्मी यादी हाताने दुरुस्त केली. मग कुठलं नाव बिघडलेलं आणि कुठलं नाही, हे पाहण्यात आमचे दोन दिवस गेले.

तिसरा प्रकार आमच्या चुकीचा, तोही सांगतो. गणपतीच्या आमंत्रणात ‘नमस्कार’नंतर हात जोडल्याचा इमोजी होता आणि पुढचा सगळा मजकूर, आरतीच्या वेळेसकट, गायब! इमोजीला ४ बाइट लागतात. आम्ही माहिती साठवतो त्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जुनं ‘यूटीएफ८’ नावापुरतंच, ते ३ बाइटपर्यंतच घेतं. डेटाबेसमधला आमचा तो तक्ता त्यावरच राहिला होता आणि सर्व्हरची कडक तपासणी बंद होती, म्हणून चूक न दाखवता मजकूर तिथेच तुटला. आता सगळे तक्ते आणि त्यांच्या जोडण्या ४ बाइट घेणाऱ्या ‘यूटीएफ८एमबी४’वर आहेत.

विषयाच्या ओळीचं गणित वेगळं. मेलच्या जुन्या नियमांमुळे ती सांकेतिक तुकड्यांत पाठवावी लागते आणि एक तुकडा ७५ वर्णांपेक्षा मोठा चालत नाही. त्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं बसतात. तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध तोडला, तर सांध्यावर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. आमचा प्रोग्राम चिन्ह पूर्ण झाल्यावरच तोडतो, तरी विषय आटोपशीर ठेवलात तर फोनवर वाचायलाही सोपा जातो.

नाव डोळ्यांना दिसतंय, पण शोधल्यावर सापडत नाही, अशीही तक्रार येते. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येतं, तसंच ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊनही, दिसायला दोन्ही सारखेच. यादी घेतानाच आम्ही ते एका साच्यात आणतो.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (चिन्हांचे आजचे सर्वमान्य क्रमांक न पाळणाऱ्या) टाइप केलेल्या जुन्या याद्या मात्र आधी रूपांतरित कराव्या लागतात. त्याचे पैसे वेगळे पडतात. पाच-दहा नावांचा नमुना पाठवा, पाहून सांगतो.