घुंई चाकातली की डिफरेन्शियलमधली?

फोर बाय फोर ट्रकने ताशी ६० किलोमीटरचा वेग धरला की खालून घुंई सुरू होते. आधी टायरवर शंका जाते. मग आवाज इतका वाढतो की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि एक दिवस मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो. आता संशयित दोन: चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग आणि डिफरेन्शियलमधला (इंजिनचा जोर दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणाऱ्या, अ‍ॅक्सलवरच्या गिअरपेटीतला) क्राऊन-पिनियनचा जोड, म्हणजे मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं. दोन्हींचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि दोन्हींपाशी बहुतेक वेळा गळतं तेही एकच, गिअर ऑइल. काम मात्र सारखं नाही. बेअरिंग बदलणं नेहमीचं काम आहे. क्राऊन-पिनियन बसवायला शिम (अंतर जुळवायचे पातळ पत्रे), डायल गेज (बारीक अंतर मोजणारं काट्याचं माप) आणि ते वाचता येणारा माणूस लागतो.

आवाज कुठून येतोय हे कानाला विचारू नका. चॅसीचं पोलाद आवाज वाहून नेतं, त्यामुळे पुढच्या हबची, म्हणजे चाकाच्या मध्यभागाची घरघर मागच्या सीटखालून आल्यासारखी वाटते. विचारायचं ते हे, की आवाज कशाने बदलतो?

बेअरिंगचा आवाज स्टिअरिंगने बदलतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग कायम ठेवून गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या क्षणी घरघर वाढली तर आधी उजवीकडचं बेअरिंग तपासा. काही बेअरिंगांच्या बाबतीत हे उलटंही होतं, म्हणून याला पुरावा नाही, खूण म्हणायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय, सोडला काय, बेअरिंगला फारसं सोयरसुतक नसतं. गिअर न्यूट्रलमध्ये टाकला तरी वेग आहे तोवर ते घरघरत राहतं. (ही चाचणी करताना इंजिन बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते.)

डिफरेन्शियलचा आवाज पायाने बदलतो. पिनियनचा दात क्राऊनच्या दाताला ढकलतो तेव्हा एक बाजू घासते, पाय सोडल्यावर दुसरी. म्हणून जोर देताना शीळ आणि पाय काढताच शांतता, किंवा बरोबर उलट, असं घडतं. कधी ती फक्त ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येते, म्हणजे ७० ला सुरू आणि ८५ ला गायब. बेअरिंग असं येऊन-जाऊन करत नाही, एकदा बोलायला लागलं की वेगाबरोबर बोलतच राहतं.

सुरातही फरक आहे. समजा चाकाचा घेर २.४ मीटर आहे. ताशी ६० ला ते सेकंदाला सुमारे ७ वेळा फिरतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील तर पिनियन ४.१ पट वेगाने फिरतो आणि दातावर दात सेकंदाला २८५ च्या आसपास पडतात. हा गुणगुणता येईल असा स्पष्ट सूर असतो. खराब बेअरिंगमध्ये सूर नसतो, जात्यासारखी जाड घरघर असते. मधली एक फसवी जागा म्हणजे पिनियनचं स्वतःचं बेअरिंग. तेही घरघरतं, पण चौपट वेगाने फिरत असल्यामुळे बारीक आवाजात, आणि पायाच्या जोराने थोडं बदलतंही. आवाज फक्त वळणावरच येत असेल आणि सरळ रस्त्यावर चिडीचूप असेल, तर डिफरेन्शियलच्या पोटातल्या छोट्या गिअरांकडे बघा.

टायरचं प्रकरण लवकर निकालात निघतं. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलत असेल, तर टायर. खात्री हवी असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. मोठ्या गट्ट्यांचे मड टायर वेडेवाकडे झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखे ओरडतात, आणि त्यांच्यापायी किती चांगली बेअरिंगं उगाच बदलली जात असतील देव जाणे.

पुढच्या बाजूला शंका असेल आणि ट्रकला हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून मोकळं करणारे) असतील, तर निदान जवळजवळ फुकटात होतं. हब मोकळे ठेवून टू-व्हील ड्राइव्हमध्ये चाला. या स्थितीत पुढचं चाक फक्त आपल्या बेअरिंगवर फिरतं. हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा), पुढचं डिफरेन्शियल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (डिफरेन्शियलला जोर पोचवणारा लांब दांडा) सगळे स्वस्थ उभे असतात. तरीही तोच आवाज आला तर पुढच्या डिफरेन्शियलवर आळ घेताच येत नाही. मग थांबून हब लॉक करा, पण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना जोर वाटणारी गिअरपेटी) टू-व्हीलमध्येच राहू द्या. आता उलट चाकंच पुढचा सगळा संच फिरवतात. नवा आवाज उगवला तर तो त्याच संचातला. ट्रान्सफर केस जोडलेला नसल्यामुळे हे डांबरी रस्त्यावरही करता येतं. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, उड्या मारते, टायर खरडतात. अर्धवेळ फोर-व्हीलमध्ये तो बिघाड नाही. पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये सवलत देणारं काही नसतं, एवढंच.

आता गळतीकडे. तेल खाली कुठे ठिबकतं याला महत्त्व देऊ नका, वारा त्याला मागे नेतो. पुसून घ्या, थोडं चालवा आणि सर्वांत वरचा, सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधा. हौसिंगच्या (डिफरेन्शियलच्या कवचाच्या) नाकाशी, जिथे प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो तिथे ओल असेल, तर ते पिनियनचं सील (फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी). चाकाच्या आतल्या बाजूने, ब्रेकच्या पाठीवरून ओघळ असेल, तर अ‍ॅक्सलचं सील. पण तिथे ब्रेक फ्लुइडही असू शकतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ब्रेक फ्लुइड पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग खातं. हबभोवती काळ्या चिकट रेघा उडाल्या असतील तर ते ग्रीस, आणि तापलेलं बेअरिंग बहुधा जवळच आहे. ब्रेकवर तेल किंवा फ्लुइड पोचलं असेल तर आवाजाचं निदान बाजूला ठेवा. ती गाडी चालवायची नाही.

जुन्या लँड क्रूझरसारख्या सॉलिड (एकसंध) पुढच्या अ‍ॅक्सलवर, टोकाला चाकाबरोबर वळणाऱ्या गोलाशी करडं-काळं पातळ सूप दिसतं. ते गिअर ऑइल आणि ग्रीस यांचं मिश्रण असतं. आतलं सील गेलं आणि डिफरेन्शियलचं तेल जॉइंटच्या ग्रीसमध्ये शिरलं. बाहेरची फेल्टची पट्टी बदलून हे थांबत नाही.

सील बदलण्याआधी मी ब्रीदर, म्हणजे हौसिंगची हवा आत-बाहेर होऊ देणारं छिद्र बघतो, आणि हे मी हट्टाने करतो. हौसिंग तापलं की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नवं सीलही दोन आठवड्यांत पाझरू लागतं आणि दोष सीलच्या माथी येतो. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडालं की उलट होतं. हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी आत ओढलं जातं. दुधाळ तेल दिसलं तर ओढा ओलांडल्याचं आठवून बघा. त्या पाण्याने पुढे बेअरिंगही जातं आणि क्राऊन-पिनियनही, म्हणजे दोन्ही संशयित एकदमच.

दुसरी गोष्ट, सील बहुतेकदा आपणहून मरत नाही. पिनियनच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला की शाफ्ट डगमगतो आणि सीलची कड झिजवतो. प्रॉपेलर शाफ्ट सोडून पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) हाताने वर-खाली हलवा. हलला, तर नुसतं सील घालणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. हलत नसेल तर सील बदला, पण नट काढण्याआधी त्याची जागा खूण करून ठेवा. आत बेअरिंगवरचा दाब ठरवणारी, नट आवळल्यावर दबणारी स्लीव्ह (नळी) असेल तर ती एकदा दबली की परत फुलत नाही. नट जास्त आवळला तर बेअरिंगवर जादा दाब येतो, आणि गळती थांबलेल्या ट्रकला नवी शीळ लागते.

चाक उचलून तपासताना गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, बाकीच्या चाकांना अडथळे लावा. टायर वर-खाली धरून हलवा. पुढच्या चाकात खडखड जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. मागचं एकच चाक उचललं असेल तर गिअरवर विसंबू नका, आणि ट्रान्सफर केसच्या मागे बसवलेल्या हँडब्रेकवर तर नाहीच. डिफरेन्शियल मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि गाडी सरकते. मग चाक सावकाश फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. कानाला न कळणारा खरखरीतपणा बोटांना कळतो.

तरीही नक्की होत नसेल तर हौसिंगचं तेल उतरवा. आधी तेल भरायचा वरचा बूच सैल करा, नंतर तेल काढायचा. उलट केलंत आणि वरचा बूच जाम निघाला, तर रिकामं डिफरेन्शियल घेऊन बसावं लागेल. काढलेल्या बुचाला चुंबक असेल तर त्याच्यावरची करडी मऊ पेस्ट बोटाने चोळून बघा. नुसती पेस्ट ही नेहमीची झीज. त्यात चकत्या किंवा दाताचा तुकडा लागला तर हौसिंग उघडावंच लागेल.