हर-टू तपासणी : गाठीची बाटली आणण्याआधी हे वाचा

स्तनाची गाठ तपासायला येते तेव्हा ती बऱ्याचदा घरचंच कुणीतरी हातात घेऊन येतं. मागच्या उन्हाळ्यात एक दादा आईची गाठ स्टीलच्या डब्यात, नुसत्या सलाइनमध्ये घालून एसटीने तीन तासांचा प्रवास करून आले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. गाठ खराब व्हायला लागली होती आणि हर-टूचा रिपोर्ट आम्ही खात्रीने देऊ शकलो नाही. त्या माऊलीची पुन्हा बायोप्सी करावी लागली. तेव्हाच हे पत्रक छापायचं ठरवलं.

पेशीच्या आवरणावर वाढीचा निरोप आत पोचवणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हर-टू त्यातलंच एक. ते निरोगी पेशीवरही असतं, पण थोडं. स्तनाच्या कॅन्सरच्या १०० पैकी साधारण १५ ते २० रुग्णांत १७ नंबरच्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या जादा प्रती होतात आणि पेशीवर हर-टूची दाटी होते. मग वाढीचा निरोप थांबतच नाही, गाठ झपाट्याने वाढते.

लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की या जादा प्रती असल्या की कॅन्सर उलटण्याचा धोका वाढतो. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मंजुरी मिळाली. हे औषध नेमकं हर-टूलाच जाऊन चिकटतं. त्यामुळे एके काळी धास्ती वाटायची तो पॉझिटिव्ह रिपोर्ट आज उपचाराची वाट दाखवतो. २०१४ पासून भारतीय बनावटीचं, मूळ औषधापेक्षा स्वस्त बायोसिमिलरही (त्याच्यासारखंच बनवलेलं औषध) मिळतं. मात्र रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह आला तर खर्च वाया जातो आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच. या औषधाआधी आणि मधूनमधून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात ते त्यासाठीच. रिपोर्ट चुकून निगेटिव्ह आला, तर हक्काचं औषध हातचं जातं.

म्हणून गाठ काढल्यापासून तासाभरात ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, म्हणजे गाठ टिकवणाऱ्या द्रवात, पडली पाहिजे. पाणी नको, सलाइन नको, बर्फ तर नकोच. बाटली रुंद तोंडाची आणि फॉर्मालिन गाठीच्या दहापट. मोठ्या गाठीत ते आतपर्यंत मुरावं म्हणून आम्हाला ती कापावी लागते, तेव्हा त्याच दिवशी आणा. ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त वेळ फॉर्मालिनमध्ये राहिलेल्या गाठीचा निकाल भरवशाचा राहत नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांकडून बाटलीवर नाव आणि गाठ काढल्याची वेळ लिहून घ्या. वाटेत झाकण उघडू नका, डोळे चुरचुरतात.

रिपोर्टमध्ये हर-टूच्या दाटीचा आकडा ०, १+, २+ किंवा ३+ असा असेल. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह : सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभोवती गडद तपकिरी रेघ पूर्ण फिरलेली दिसते. २+ वाचून पुष्कळ जण ‘थोडा पॉझिटिव्ह’ असं धरून चालतात. तसं नाही. २+ म्हणजे निकाल अजून लागलेला नाही, फिश टेस्ट करायची आहे. तीत काळोखात चमकणारे लाल-हिरवे ठिपके एकेका पेशीत मोजून जनुकाच्या प्रती वाढल्यात का ते ठरवतात. ० आणि १+ ला निगेटिव्ह म्हणतात, तरी आकडा जपून ठेवा. रोग पसरलेला असेल तर १+ असणाऱ्या काही रुग्णांनाही आता ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे नवं औषध देता येतं.

‘मग माझ्या मुलीलाही होणार का?’ असं काउंटरवर बायका हळूच विचारतात. हर-टूची ही वाढ त्या गाठीपुरती असते, ती आईकडून मुलीकडे जात नाही. घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, त्याची तपासणी निराळी असते.

रिपोर्टसोबत मेणाचा छोटा ठोकळाही मागून घ्या. त्याला ब्लॉक म्हणतात, तुमची गाठ त्यातच जपलेली असते. परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायला गेलात तर स्लाइडबरोबर तोही मागतात. प्रवासात तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.