व्हिनेगर कुठे जातं? अडोबोच्या पातेल्यातलं रसायन

फिलिपिन्समध्ये चिकन अडोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेला कोंबडीचा रस्सा, करायला शिकताना घरची ‘लोला’, म्हणजे आजी, एक ताकीद हमखास देते: व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत डाव घालायचा नाही, नाहीतर ते कच्चं राहतं.

कच्चं राहतं म्हणजे काय? समजूत अशी, की उकळताना आम्ल वाफेबरोबर उडून जातं आणि म्हणून आंबटपणा मवाळ होतो. खरं उत्तर जवळजवळ उलट आहे, आणि म्हणूनच हा साधा रस्सा मला इतका मोलाचा वाटतो.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, ॲसेटिक आम्ल ११८ ला. दोन्ही एकत्र उकळली की वाफेतून पाणीच जास्त निघून जातं. म्हणजे रस आटेल तसा तो अधिकच आंबट व्हायला हवा. मग पाऊण तासाने चाखलं तर जिभेला मऊ का लागतो?

कारण कोंबडी. मांसातली प्रथिनं आणि फॉस्फेटं आम्लातले हायड्रोजन आयन टिपून घेतात. मागे उरतो ॲसेटेट आयन. त्याच्यावर विद्युतभार असल्यामुळे त्याला पाणी सोडून हवेत जाता येत नाही, आणि नाकाला झोंबणारा वास ओसरतो. पहिल्या उकळीत खरोखर उडतात ते ॲसिटाल्डिहाइड आणि एथिल ॲसेटेट यांसारखे हलके रेणू. त्यामुळे झाकण उघडं ठेवण्याला अर्थ आहे. न ढवळण्याला मात्र मला रसायनशास्त्रात आधार सापडत नाही. तरी मी ते पाळते. त्या निमित्ताने पातेल्याला निवांतपणा मिळतो.

आता प्रत्यक्ष करायला घ्या. हाडांसकट एक किलो तंगड्या आणि मांड्या, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी सोया सॉस, वाटीभर पाणी, लसणाचा एक अख्खा गड्डा, चमचाभर अख्खे मिरे, दोन-तीन तमालपत्रं. मीठ घालू नका, सोया सॉसमध्ये भरपूर असतं. तिकडे लॉरेलची पानं वापरतात. आपलं तमालपत्र दालचिनीच्या वंशातलं, त्याचा वास निराळा, पण चालून जातं.

लसूण आधी ठेचा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. पाकळी फुटली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ॲलिसिन तयार होतं, तोच लसणाचा तिखट वास. तीव्र आम्लात हे विकर थंडावतं, म्हणून ठेचलेला लसूण थेट व्हिनेगरमध्ये टाकायची घाई नको. कधी आम्लात लसूण हिरवट-निळा पडतो. घाबरू नका, तो निरुपद्रवी रंग आहे.

छातीचं मांस इथे वाया जातं. तंगडीत कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना धरून ठेवणारं प्रथिन, जास्त, आणि मंद आचेवर त्याच्या तीन पदरी पिळाचे धागे उकलून जिलेटिन होतं. आम्लामुळे हे काम लवकर होतं. रश्श्याला जो चिकट गुळगुळीतपणा येतो, तो या जिलेटिनचा. शेवटी तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात खरपूस परतून घ्या, कारण पाण्यात १०० अंशांवर तांबूस रंग येत नाही.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं हवं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक होतं. ॲल्युमिनियमलाही आम्ल सोसत नाही.

हा पदार्थ मुळात टिकवण्यासाठी होता. उष्ण, दमट बेटांवर फ्रिज नसताना व्हिनेगर आणि मीठ हाच आधार. आम्लात जिवाणूंची वाढ खुंटते. स्पॅनिश लोकांनी तो पाहिला आणि आपला शब्द लावला. १६१३ साली छापलेल्या पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा यांच्या तागालोग शब्दकोशात ‘इथल्या लोकांचा अडोबो’ अशी नोंद आहे. नाव परकं, रीत मात्र तिथलीच. सोया सॉस चिनी व्यापाराबरोबर आला. त्याच्याशिवाय केलेला पांढरा अडोबो आजही करतात, बातांगास प्रांतात हळद घालून पिवळा, बिकोल भागात नारळाच्या दुधातला.

व्हिनेगर मात्र माडाचं, निपा ताडाचं किंवा उसाचं. माडाची सूर, म्हणजे झाडातून काढलेला गोड रस, आधी यीस्टमुळे आंबून मद्य होते, मग ॲसेटोबॅक्टर जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून त्या मद्याचं आम्ल करतात. गोव्यात माडाच्या रसाचं व्हिनेगर याच दोन पायऱ्यांनी तयार होतं, आणि विंदालूचं नाव पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’ वरून, म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण यांवरून आलं. तिकडे स्पॅनिश शब्द, इकडे पोर्तुगीज, आणि दोन्ही पातेल्यांत माडच. बाजारात मिळणारं सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे नुसतं पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल. त्यात आंबवण्यातून येणारा सुवास नसतो. गोव्याचं मिळालं तर तेच घाला.

उरलेला अडोबो रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर तुपासारखी चरबी आणि खाली थरथरणारी तपकिरी जेली दिसेल, लोणच्यासारखा मुरलेला रस्सा. जेली वितळेल इतकाच गरम करा आणि वाफाळत्या भातावर ओता.