मार्गिट, द फेल ओमेन

मार्गिट हा ‘एल्डन रिंग’ या रोल-प्लेइंग गेममधला बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, आहे. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने बनवलेला हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातून स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे जाणाऱ्या पुलावर मार्गिट वाट अडवतो. बहुतेकांचा पहिला मोठा बॉस हाच, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाकही हाच करतो.

त्याची हेल्थ ४,१७४. हरवल्यावर १२,००० रून (गेममधले चलन) आणि एक टॅलिस्मन पाउच (आणखी एक ताईत घालण्याची जागा) मिळतो. त्याची खरी ताकद मात्र थांबण्यात आहे. तो काठी डोक्यावर नेतो आणि तशीच धरून ठेवतो. काठी वर जाताच रोल मारणारा (वार चुकवायला कोलांटी घेणारा) रोल संपवून उठतो, नेमकी तेव्हाच ती खाली येते. सांगलीकडच्या कुस्ती मैदानात हुलकावणी देऊन समोरच्याला आधी हलायला लावणारे मल्ल ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा डाव ओळखीचा वाटेल. उपायही तोच: हात खाली यायला लागेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. रोल मागे न मारता त्याच्या अंगाकडे मारावा, कारण काठीचा पल्ला लांब आहे. पाठीमागे गेल्यावरही रेंगाळू नये, शेपटीचा फटका बसतो. दोन वार करायचे आणि बाहेर पडायचे. तिसऱ्याचा मोह महागात पडतो.

तुम्ही फ्लास्क (हेल्थ भरून काढणारे औषध) पिताना तो लांबून सोनेरी खंजीर फेकतो. म्हणून त्याचा मोठा वार नुकताच संपलेला असताना प्यावे. हेल्थ निम्म्याच्या आसपास आली की दुसरी फेज (लढतीचा टप्पा) सुरू होते. मग तो प्रकाशाचा भलामोठा हातोडा काढतो आणि हवेत उडी घेऊन तो जमिनीवर आपटतो. इथे अंतर राखणे हाच शहाणपणा.

तयारीशिवाय जाणे हीच मुख्य चूक. लेव्हल २० ते ३० आणि +३ शस्त्र (तीन पायऱ्या सुधारलेले) असेल तर लढत न्याय्य वाटते. साधे शस्त्र +३ करायला पहिल्या दर्जाचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) १२ लागतात (+१ ला २, +२ ला ४ आणि +३ ला ६), आणि हे काम लिमग्रेव्हमधल्या चर्च ऑफ एलेच्या टेबलावर होते. अंगावरचे वजन ७० टक्क्यांच्या खाली ठेवावे; त्यापुढे रोल जड होतो आणि वरची सगळी शिकवण वाया जाते. चर्च ऑफ एलेलाच रेना या चेटकिणीकडून मदतनीस बोलावायची घंटा आणि लोन वुल्फ ॲशेस मिळतात. ५५ एफपीला (जादूसाठीची शक्ती) तीन लांडगे मदतीला येतात. ते फार टिकत नाहीत, पण मार्गिटची पाठ तुमच्याकडे होते, तेवढ्यात काम साधते.

मर्कवॉटर केव्हकडे एक फेरी जरूर मारावी. गुहेच्या वाटेवर नदीकाठी नेरिजस हा शत्रू हल्ला करतो; त्याला मारले की रेडुविया हा रक्तस्राव करणारा खंजीर मिळतो, आणि रक्तस्राव मार्गिटला लागू पडतो. गुहेत पॅचेस हा लुटारू भेटतो आणि लढतो. हेल्थ कमी झाली की तो शरण येतो, तेव्हा हात आवरायचा. जिवंत सोडल्यास पुढे तो दुकानदार होतो आणि ५,००० रूनला ‘मार्गिट्स शॅकल’ विकतो. ही बेडी वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला जखडतो. ती पहिल्या फेजमध्येच चालते, तीही दोनदाच, म्हणून लांडगे मार्गिटच्या अंगावर असताना न वापरता ते गेल्यावर वापरावी.

वळवाच्या पावसात सातारा-सांगलीकडे लाईट जाते, तेव्हा पीसीवर खेळणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. गेम सतत आपोआप सेव्ह होतो, पण अचानक बंद पडल्यास सेव्ह फाइल बिघडू शकते. ॲपडेटामधल्या एल्डन रिंग फोल्डरची प्रत अधूनमधून काढून ठेवलेली बरी. आभाळ भरून आले असेल तर आधी मेनूमधून रीतसर बाहेर पडावे.

मार्गिटला हरवणे सक्तीचे नाही. किल्ल्याच्या बाजूने कड्यालगत पायवाट आहे, ती थेट लियुर्निया या पुढच्या प्रदेशात उतरते. तिकडे रून आणि स्टोन गोळा करून परत येणे ही पळवाट नव्हे. गेमची रचनाच तशी आहे. पुढे राजधानी लिंडेलमध्ये मॉर्गॉट म्हणून जो भेटतो, तोच मार्गिटच्या रूपामागचा खरा योद्धा. त्याच्या पहिल्या फेजमध्येही शॅकल चालते, तेव्हा ती विकून टाकू नये.